नग एक

सहा दिवस मी अजब बंगल्यात कार्डं लिहितो.
वस्तू, धातू, काळ, ठिकाण, नग.
आता छापील कार्डं येतात, तरी साहेब म्हणतात,
उमाटे, तुमच्या हातचंच बरं दिसतं.
काचेमागे गेलं की सगळं शहाणं होऊन बसतं.
तलवार कुणाच्या कमरेला होती, विचारायचं नाही.
तांब्याच्या हंड्याला पोचा कसा पडला,
त्याला कार्डात रकाना नाही.

रविवारी मी महालात जातो.
जुम्मा दरवाजातून. गांधी गेट म्हणा हवं तर,
दरवाजाचं काय, तो दोन्ही नावांना ओ देतो.
बडकस चौकात उभ्या उभ्या तर्री-पोहे,
नाकाडोळ्यांना धार,
मग कोतवालीमागची ती बोळ
जिथे दोन सायकली समोरासमोर आल्या
तर एकीला मागच्या शतकात परत जावं लागतं.

बोळीच्या टोकाला ताहेरभाई.
दुकानात पंधरा कंदील, आणि एका बल्बचा उजेड.
शेराची वजनं, टांग्याचे दिवे, रेल्वेची शिट्टी,
एका डब्यात बिनकिल्लीची कुलपं,
दुसऱ्या डब्यात बिनकुलपाच्या किल्ल्या.
यांची गाठ नाही पडली कधी?
"पडली असती तर भाऊ,
दोन्ही माझ्याकडे कशाला आले असते?"

आणि खिळ्याला टांगलेली ती.
लोखंडाची कडी, वीतभर रुंद,
तिला आतल्या बाजूनं वळलेले चार आकडे.
विहिरीतला गळ म्हणावा, तर त्याचे आकडे बाहेर वळतात.
इतवारीचा एक दलाल म्हणाला, तराजूचं काहीतरी.
पाचपावलीच्या सखूबाई पराते
लुगड्याच्या पदरानं ती पुसत म्हणाल्या,
"मागाचीच हाय. कुठं लागते ते इसरली मी,
पण हात ओळखते."
निवृत्त कंपाउंडर गोसावी म्हणाले, दवाखान्यातली,
आणि पुढचं सांगितलं नाही.
एक सावजीवाला नुसता हसला.
ताहेरभाई दर रविवारी
ज्याचं म्हणणं शेवटचं, त्याला पटवून घेतात
आणि चहा सांगतात.

गेल्या खेपेला मलाच धरलं.
"तुम्ही तर बंगल्यातले. द्या नं एक कार्ड लिहून.
लोक वाचतील, किंमत वाढंल."
खिशात कोरं कार्ड होतं. असतंच.
पण पेन उघडेना.
म्हटलं, घरी लिहून आणतो.

घरी जाताना झिरो माईलपाशी थांबलो.
चार घोडे पाय उचलून तसेच उभे, निघायचे बाकी.
खांबाशेजारच्या दगडावर कोरलेलं आहे,
इथून चांदा किती, शिवनी किती, बैतूल किती.
कुणीतरी साखळी घेऊन ऊनपावसात
हे सगळं चालत मोजलं असणार,
अन् त्याच्या पायाच्या भेगा
दगडाच्या चारी बाजूंना नाहीत.
मी फिरून पाहिलं. तीनदा.
पहारेकऱ्यानं विचारलं, काय हरवलं का?

आज सकाळी बोळीतच, सायकलच्या सीटवर ठेवून लिहिलं:

वस्तू: सांगता येत नाही.
धातू: लोखंड.
काळ: कुणाला तरी लागत होती तेव्हाचा.
ठिकाण: ताहेरभाईंचा खिळा.
नग: एक.
आणि बाहेर फळीवर बसलेले चार.

सखूबाईंना वाचता येत नाही,
त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं.
गोसावी म्हणाले, व्याकरण ठीक आहे.
ताहेरभाईंनी कार्ड कडीच्या एका आकड्यात अडकवलं,
ते तिथं असं बसलं
की क्षणभर आम्ही सगळेच गप्प झालो.
"याच्यासाठीच होती का मग?"
"काऊन, कार्डं त्या वेळी होती का, बाप्पा?"
आणि पुन्हा सुरू.

त्यानंतर ती विकायची नाही असं ठरलं.
किंमत विचारणाऱ्याला ते किल्ल्यांचा डबा दाखवतात.

सोमवार. अजब बंगला. पंखा फिरतोय, पेंढा भरलेला वाघ
माझ्याकडे नेहमीसारखाच बघतोय.
हंड्याचं कार्ड पिवळं पडलं होतं, नवं करायला घेतलं.
हंडा. तांबे. नग एक.
खाली बोटभर जागा उरली.
पोचा: एक.

साहेबांचं अजून लक्ष गेलेलं नाही.